आधी वहिनींना आकडा सांगा

प्रिय आक्का,
वय ४७. गंगावेशीच्या पुढं घर, खालच्या मजल्यावर लाकडी पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा पाडायला लागणाऱ्या लाकडी नमुन्यांचं दुकान. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्र्यांना पॅटर्न करून देतो. २०१९ च्या पुरात घरात पाणी होतं तरी तालमीच्या पोरांबरोबर बोटीतून चिखलीला गेलो. एक म्हातारी आपली म्हैस सोडून यायला तयार नव्हती. तिला म्हटलं, आज्जी, आधी तू चल, म्हशीचं मग बघू. तेव्हा मी असा होतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरलं. गिऱ्हाइकांचे ठेवलेले पॅटर्न फुगले, सांधे सुटले, भरपाई खिशातून दिली. त्यानंतर काम तुटत गेलं. आता पतसंस्थेचे ३ लाख २० हजार, बायकोच्या सोन्यावर काढलेले दीड लाख, उचललेल्या भिशीचे ६० हजार आणि एकाकडून महिना १० टक्क्यानं घेतलेले २ लाख. त्याला १४ महिने नुसतं व्याज देतोय. बायकोला सोन्याचं आणि पतसंस्थेचं माहीत आहे, बाकीचं नाही. ती मेसमध्ये चपात्या लाटायला जाते. मुलगी बारावीला. एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये नोकरी सांगून आलीय, पण ज्या दारात मालक म्हणून गेलो तिथं आता हजेरी लावायची? तालमीत जाणं बंद केलंय. पहाटे तीनला जाग येते. रात्री घाटावर जाऊन बसतो. माझा विमा आहे. मी नसलो तर निदान दोघींचं भागेल, असं वाटतं.
एक पॅटर्नमेकर, कोल्हापूर

दादा,

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कर्जाचं बोलू, नोकरीचंही बोलू, पण आधी त्या वाक्याचं. आडून विचारत नाही. जीव द्यावा असं मनात येतंय ना? असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही. उलट कुणीतरी सरळ नाव घेऊन विचारलं की आत कोंडलेलं जरा बाहेर येतं. म्हणून विचारते, आणि वहिनींनीही तुम्हाला असंच सरळ विचारावं असं मला वाटतं.

आज रात्री घाटावर जायचं नाही. जेवण झालं की दाराला कडी लावायची आणि घरातच थांबायचं. हे वाचून झालं की १४४१६ हा नंबर लावा. टेली मानस म्हणतात त्याला. सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचलं नाही तर मला लिहिलंय तेच वाचून दाखवा. आणि एखाद्या रात्री पाय घराबाहेर ओढायला लागले, तर वहिनींना उठवा. झोपमोड होईल म्हणून थांबू नका.

आता विम्याचं. "दोघींचं भागेल" हा तुमचा हिशेब मी एका घरात प्रत्यक्ष पाहिलाय, म्हणून त्यावर जरा जास्त बोलणार आहे.

माझ्या धाकट्या दिराचं गुऱ्हाळ होतं. गुळाचा भाव पडला, दोन हंगाम लागोपाठ तोट्यात गेले, आणि त्यानं कुणाला न सांगता इकडून तिकडून पैसे उचलले. चुलाणासमोर बसून चिपाडं आत सारत असायचा. आम्ही हाक मारली की "आधण उतरायचंय" एवढंच म्हणायचा. आम्हाला वाटलं, कामात आहे. एका सकाळी तो गेला. नंतर वह्या काढल्या, घेणेकरी गोळा केले, सगळी बेरीज मांडली. १ लाख ४० हजार. माझ्या जावेनं दोन पाटल्या आणि एक म्हैस विकली, उरलेलं दुधाच्या बिलातून तीन वर्षांत फेडलं. कर्ज फिटलं, दादा. पण अजूनही, एवढी वर्षं झाली तरी, धुणं धुता धुता ती मधेच थांबते आणि म्हणते, "एवढ्यासाठी? मला सांगायला काय झालं होतं?" पैशाचं ओझं तिनं तीन वर्षांत उतरवलं. हा प्रश्न अजून उतरलेला नाही. तुमच्या विम्यानं वहिनींच्या आणि लेकीच्या वाट्याला हाच प्रश्न येईल, आणि तो फेडायला कुठली पतसंस्था हप्ते पाडून देत नाही.

त्याच जावेची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती तळाला गेली होती आणि वर आली. पहिले पंधरा दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. आम्ही सगळ्या जणी समजूत घालत होतो, देवाधर्माचं सांगत होतो, त्यानं तिळाचाही उपयोग झाला नाही. मग एक दिवस गोठ्यातून निरोप आला की राहिलेली म्हैस धार देत नाही. गड्यानं बसून पाहिलं, मी बसून पाहिलं, शेजारची बसली. म्हशीनं पान्हा चोरला. तिला जावेच्याच हाताची सवय. कास दगडासारखी ताठ झाली, म्हैस पाय आपटायला लागली. जाऊ उठली, तोंड न धुता तशीच गोठ्यात गेली, कासेला पाण्याचा हात लावला आणि कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवून बसली. थोड्या वेळानं चरवीत धारांचा आवाज यायला लागला. संध्याकाळी पुन्हा उठावंच लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. तिला त्या पहाटे काही आशा वाटत होती असं मी म्हणणार नाही. ती स्वतः सांगते की वर्षभर तिला काहीच वाटत नव्हतं. पण दोन वेळेला उठणं चालू राहिलं, आणि कधीतरी गोठ्यातून येताना ती शेजारणीशी दुधाच्या भावावरून भांडली. ते भांडण ऐकून मी चुलीपुढं बसून रडले, इतकं बरं वाटलं.

तेव्हा आशा वाटायला लागली की मग हालचाल करू, असं म्हणून थांबू नका. तुम्हाला आत्ता आशा वाटत नाही हे मी मान्य करते. न वाटता करायच्या दोन-चार गोष्टी सांगते.

पहिली तब्येतीची. पावसाळ्यात आपल्याकडं सकाळी उठल्या उठल्या सगळे काय विचारतात? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. नदीकाठचा माणूस ४३ ची वाट बघत नाही. ३९ झाले की गॅस सिलिंडर, पोरांची दप्तरं, धान्याची पोती माळ्यावर जातात. तुम्हाला पहाटे तीनला जाग येते, माणसं नकोशी झालीत, आपण ओझं आहोत असं वाटतं. हे सगळं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, आणि पत्रावरून ते बरंच जुनं दिसतं, तर तुमचं पाणी इशाऱ्याच्या वर गेलंय. याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, मनाचा कमकुवतपणा नाही, आणि तो औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, सकाळी केसपेपर काढून दाखवता येतं. वहिनींना बरोबर न्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत काही फरक नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारताही बंद करू नका.

दुसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी. वहिनींना आकडा सांगा. पूर्ण. ७ लाख ३० हजार. वहीच्या एका पानावर चार रकमा, कुणाचे किती, व्याज किती, खाली बेरीज. लेक अभ्यासाला बसली की पान वहिनींपुढं ठेवा. तोंडातून शब्द फुटला नाही तरी चालेल, पान बोलेल. त्या चिडतील. दोन दिवस अबोला धरतील कदाचित. पण सोनं काढून देणारी बाई, मेसच्या तव्यापुढं उभी राहणारी बाई आकड्यानं मोडणार नाही. आपला नवरा रात्री कुठं जातो हे न कळल्यानं मात्र ती आजच मोडत असेल. तुम्हाला वाटतं तिला काही कळत नाही. घरातल्या बाईला ताटातली उरलेली भाकरी दिसते, दादा.

अब्रूचं तुम्ही थेट लिहिलं नाहीत, पण तालीम सुटली ती अब्रूपायीच ना? चिखलीतल्या त्या आज्जीचं घर बुडालं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती तुमच्या बोटीत बसली. तेव्हा हिची अब्रू गेली असं तुमच्या मनात आलं होतं? त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, शहरात ना दूध येत होतं ना पेट्रोल. मोठमोठ्या बंगल्यांतली माणसं शाळांच्या वर्गात सतरंजीवर झोपली आणि परक्यांनी दिलेला भात जेवली. कुणी कुणाला हसलं नाही. आपल्या गावाला पुरात परक्याच्या दारात बोट घेऊन जाता येतं, पण स्वतःच्या घरात शिरलेलं पाणी दाखवायची लाज वाटते. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्या बोटीत त्या दिवशी जी पोरं होती, त्यांतल्या एकाला बोलवा. सगळ्यांना नको, एकाला. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभं राहून एक एक पेला दूध प्या आणि सांगा, अडचणीत आहे. भिशीवाल्यांनाही लपवाछपवी न करता सांगा की हप्ता लहान करून द्या. पैसे बुडवून तोंड चुकवणारा आणि समोर येऊन मुदत मागणारा, यांतला फरक पेठेतली माणसं चांगली ओळखतात.

आता सावकार. २ लाखांवर महिना १० टक्के, म्हणजे महिन्याला २० हजार, १४ महिन्यांत २ लाख ८० हजार. मुद्दलापेक्षा ८० हजार जास्त दिलेत आणि मुद्दल जिथल्या तिथं. आपल्याकडं २०१४ पासून महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे. परवाना असलेल्या सावकारालाही तुमच्यासारख्या बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्या दरानं तुमचं व्याज महिन्याला ३ हजार होतं. परवाना नसताना हा धंदा करणं गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. तक्रार सहकार खात्याकडं, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात करायची. कोरे चेक किंवा सही केलेला कोरा स्टॅम्प दिला असेल तर तेही तक्रारीत लिहा. पैसे कधी, कसे दिले याचा जो पुरावा असेल तो गोळा करा: फोनवरून पाठवलेल्या रकमा, मेसेज, चिठ्ठ्या. एकट्यानं जाऊ नका, आधी वकिलाला विचारा. वकिलाची फी झेपत नसेल तर कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं मोफत सल्ला मिळतो. धमकीचा फोन आला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांत जा.

पतसंस्थेत लेखी अर्ज देऊन हप्त्यांची मुदत वाढवून मागा. सोन्याच्या कर्जाचं व्याज मात्र थकवू नका, लिलावाची नोटीस आली की धावपळ होते. सोन्याचा भाव चढलाय. एक दागिना मोडून बाकीचे सुटतात का, हे गुजरीत सराफाकडं विचारून बघा. पण ते सोनं वहिनींचं आहे, निर्णय त्यांचा.

नोकरीबद्दल मी स्पष्टच सांगते: धरा. तुमचा सल मला समजतो, दुकानाची पाटी उतरवताना हात जड होतोच. पण त्या फौंड्रीला तुम्ही मालक होता म्हणून नकोय, तुमचा हात हवाय. बिडाचं कास्टिंग थंड होताना आकसतं, म्हणून तुम्ही पॅटर्न मीटरमागं दहा मिलिमीटर मोठा करता, त्यासाठी वेगळी, जरा लांब पट्टी वापरता. ही पट्टी हातात धरायला शिकवणारी माणसं आता किती उरलीत? महिन्याचा ठरलेला पगार आला की पतसंस्थेपुढं बसून बोलायला पायाखाली जमीन येते. दुकानातला बँडसॉ आणि रंध्याचं मशीन विकू नका. शटर खाली ओढून ठेवा, पुढच्या दोन वर्षांनी काय ते बघा. आणि घरखर्चाचा हिशेब मांडताना त्यातही आकसण्याला जागा सोडा. कधी औषधपाणी निघेल, कधी लेकीच्या फीची तारीख अचानक पुढ्यात येईल. काठोकाठ मांडलेला हिशेब पहिल्याच महिन्यात फसतो आणि माणूस पुन्हा स्वतःला दोष देत बसतो.

लेकीला सगळे आकडे सांगायची गरज नाही. बाबांना बरं नाही, औषध चालू केलंय, घरात पैशाची ओढाताण आहे, पण तिचं शिक्षण थांबणार नाही, एवढं दोघांनी मिळून सांगा. बारावीतली पोरगी गप्प बसलेल्या घरात जास्त घाबरते.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. आज फक्त फोन आणि वहीचं पान. चिखलीत तुम्हीच म्हणाला होता, आधी तू चल, म्हशीचं मग बघू.

बुधवारी मला उत्तर पाठवा. मोठं पत्र नको. पान वहिनींना दाखवलं का आणि त्या काय म्हणाल्या, एवढंच. दाखवायचं धाडस झालं नसेल तरी तसं लिहा, मी रागावणार नाही. बुधवारी तुमचं काही आलं नाही, तर गुरुवारी सकाळी मीच तुम्हाला पुन्हा लिहीन.

तुमची,
आक्का