एप्रिलअखेर दोघांनी गाडीने नेदरलँड्समध्ये कुठे फिरावं?

तुम्ही विचारलंय की एप्रिलच्या शेवटी नवरा-बायको चार दिवस नेदरलँड्समध्ये आहात, गाडी भाड्याने घेताय, तर क्यूकेनहॉफची प्रसिद्ध बाग सोडून ट्युलिपसाठी कुठे जावं. आम्ही दोघं आम्स्टरडॅमजवळ आम्स्टेलव्हेनला राहतो आणि दर वसंतात गाडी काढतो. माझं उत्तर एकच: नोर्डोस्टपोल्डर, म्हणजे पाणी उपसून मिळवलेला शेतीचा सपाट प्रदेश.

क्यूकेनहॉफ जरूर बघा. तिथे दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात. पण ती बाग आहे. ट्युलिपची शेती बघायची तर ईशान्येला, आमच्याकडून सव्वा-दीड तासावर, तिथल्या एमेलोर्ड गावाच्या आसपास जायला हवं. १९३२ मध्ये आफस्लाउटडाइक हा ३२ किलोमीटरचा बांध घालून इथला समुद्र अडवला, त्याचं गोडं सरोवर झालं आणि त्यातलाच एक भाग उपसून १९४२ मध्ये ही जमीन कोरडी केली. म्हणजे गाडी चालते ती जुन्या समुद्राच्या तळावरून. रस्ते पट्टी धरून आखल्यासारखे सरळ, दोन्ही बाजूंना चर, आणि मध्येच लाल, मग पिवळा, मग जांभळा असा अख्खा पट्टा. हंगामात ट्युलिपच्या रस्त्यांवर पाट्या लावलेल्या असतात, त्या धरून जायचं.

माझा नवरा निफाडकडचा, घरी कांद्याची शेती. पहिल्या वर्षी एका शेताशी थांबलो तेव्हा उंच चाकांचं यंत्र ओळींवरून जात होतं आणि ऐन उमललेली फुलं वरच्या वर छाटत होतं. मागे सरीत लाल पाकळ्यांचा खच. मला अगदी गलबलून आलं. नवरा म्हणाला, "अगं, पीक खाली आहे. कांद्याला डेंगळे आले की आपण खुडतो ना, तसंच." खरंच तसं आहे. फूल राहिलं तर बी धरण्यात जोर जातो. ते छाटलं की कंद पोसतो. जून-जुलैत कंद काढतात, विकतात, आणि शरद ऋतूत पुन्हा लावतात. त्यामुळे आज रंगीत दिसणारं शेत उद्या नुसतं हिरवं असू शकतं. हे माहीत असेल तर हिरमोड होत नाही, पुढच्या शेताकडे जायचं.

एक कळकळीची विनंती: फोटोसाठी ओळींमध्ये शिरू नका. बुटांच्या मातीतून एका शेताचा रोग दुसऱ्या शेतात जातो, देठ मोडतात. उभ्या पिकात पाय घालू नये हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बांधावरूनही फोटो सुंदर येतात. गाडी मात्र कडेच्या मऊ गवतावर घेऊ नका, रुतते.

त्याच दिवशी स्खोकलांडला जा. हे पूर्वी बेट होतं. समुद्र जमीन खात गेला आणि १८५९ मध्ये सरकारने सगळ्या रहिवाशांना हलवलं. आता बेटाच्या चारही बाजूंना शेतं आहेत. जुन्या बंदरावर उभं राहिलं की समोर पाण्याऐवजी बटाट्याची जमीन. तिथे आम्ही दोघं बराच वेळ न बोलता उभे होतो.

दुसरा दिवस बेटुवे या फळबागांच्या भागाला द्या. लिंगे नदीच्या बांधावरून खेल्डरमाल्सनच्या आसपास संथ गाडी चालवा. सफरचंद आणि नासपतीच्या बागा फुलोऱ्यावर असतात, बांधाच्या उतारावर मेंढ्या आणि नुकती झालेली कोकरं. फुलोरा थंडीप्रमाणे आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होतो. रस्ते अरुंद आहेत, सायकलवाल्याला आधी जाऊ द्या.

गाडीचं थोडक्यात: बहुतेक हमरस्त्यांवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, कॅमेरे जागोजागी. आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा, गाडी देणारे मागू शकतात. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. तो दिवस आम्स्टरडॅममध्ये गाडी नेऊच नका, खेड्यात काढा.

आणि नोर्डोस्टपोल्डरच्या कडेचं उर्क. तेही एके काळी बेटच, १९३९ मध्ये बांधाने जमिनीला जोडलेलं, आजही मासेमारीचं गाव. बंदरावर गरम तळलेल्या माशाचे तुकडे घ्या आणि दीपगृहापाशी बसून खा. फक्त रविवारी जाऊ नका. गाव धार्मिक आहे, सगळं बंद असतं.