शू सांगतो, पण शी रोखून धरतो

प्रश्न : माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. गेले चार महिने तो शू लागल्यावर सांगतो, दिवसभर त्याची चड्डी कोरडी असते. शी करायला मात्र तो पॉटीवर बसतच नाही. डायपर मागून घेतो, पडद्यामागे जातो, पडदा मुठीत धरून, टाचा उंचावून आणि पाय एकमेकांवर आवळून उभा राहतो. जवळ गेलो तर आकांत करतो. तीन-तीन दिवस शी होत नाही आणि होते तेव्हा इतकी टणक असते की तो किंचाळतो. डायपर बंद केले की आपोआप बसेल, असे घरातील मोठी माणसे म्हणतात. आम्ही बक्षिसे दिली, रागावलो, एकदा अर्धा तास बसवून ठेवले. त्याचा हट्ट कसा मोडावा?
– एक आई

उत्तर : पडद्यामागचे जे दृश्य तुम्ही लिहिले आहे, त्यातच उत्तर आहे. टाचा उंचावून पाय आवळणारे मूल शीसाठी कुंथते आहे असे आपल्याला वाटते, परंतु बहुतेक वेळा ते शी आत रोखण्यासाठी सगळी ताकद लावत असते. त्याला दुखण्याची भीती वाटते आहे. म्हणून ‘हट्ट’ हा शब्द कृपया घरातून काढून टाका.

एकदा खडा झाला आणि दुखले की मूल पुढची शी रोखते. रोखलेल्या मळातले पाणी मोठे आतडे शोषत राहते, त्यामुळे मळ अधिक टणक होतो आणि पुढच्या वेळी अधिक दुखते. असे महिनोन्‌महिने चालले तर गुदाशय ताणला जाऊन शी लागल्याची जाणीवच मंदावते. मग कठीण मळाच्या कडेने पातळ शी चड्डीत पाझरू लागते. पालक तिला जुलाब समजून ते थांबवण्याचे औषध देतात आणि मूळ त्रास वाढतो.

तेव्हा पॉटीचा विषय तूर्त बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांसारखी मळ मऊ ठेवणारी औषधे ते मुलाच्या वजनानुसार ठरवून देतील. चार दिवस बरे गेले की औषध थांबवणे ही नेहमी होणारी चूक आहे. दुखण्याची आठवण पुसली जायला अनेक आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि या औषधांनी आतडे आळशी होत नाही. फळे, भाज्या आणि पाणी हवेच. दूध दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक होत असेल तर कमी करा, कारण त्याने पोट भरते आणि इतर खाणे मागे पडते. शीबरोबर रक्त, फुगलेले पोट, न वाढणारे वजन, पायांत अशक्तपणा किंवा जन्मापासूनची बद्धकोष्ठता असेल, तर तपासणी लांबवू नका.

डायपर मात्र मागितल्यावर लगेच द्या. तो काढून घेतला तर मूल शी आणखी रोखते. शी सलग काही आठवडे मऊ आणि न दुखता होऊ लागली की पडद्यामागची जागा न्हाणीघरात हलवा. पुढे डायपर बांधलेलाच ठेवून पॉटीवर बसू द्या. मग तो सैल करा. प्रत्येक पायरीवर त्याला हवे तितके दिवस थांबा. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत आतड्यांची हालचाल वाढते, त्या वेळी पाच मिनिटे बसणे पुरेसे आहे, आणि शी झाली नाही तरी बसल्याचे कौतुक करा. मोठ्यांच्या कमोडवर पाय लोंबकळत असतील तर स्नायू सैल पडत नाहीत. पायांखाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येऊ द्या.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या भाषेत मळाला ‘शी’ म्हणतात आणि किळस आली तरी आपण ‘शी!’च म्हणतो. मुलाला हा फरक आपल्या चेहऱ्यावरून कळतो. डायपर बदलताना नाक मुरडू नका आणि ‘घाण केलीस’ असे म्हणू नका.

रात्रीच्या शूची घाई नको. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे काळजीचे नसते. उद्या तो पडद्यामागे गेला की दोन पावले दूर बसा आणि हलकेच सांगा, “दुखतंय का रे? मी इथेच आहे.”