सिगारेट सोडा, पण नवस म्हणून नको

प्रश्न : पत्नीला सहा महिन्यांपूर्वी कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी केमो असते. इथे परदेशात जवळचं असं कुणी नाही. घर, मुलीची शाळा, नोकरी, हॉस्पिटल, सगळं मीच बघतो. सिगारेट गेली वीस वर्षं ओढतो. आधी दिवसाला सहा-सात व्हायच्या, आता पंधरा होतात. गॅरेजमध्ये ओढतो, हात-तोंड धुतो, शर्ट बदलतो, तरी तिला वास येतो आणि मळमळतं. ती बोलत काहीच नाही. या काळात दोनदा सोडून पाहिली. दुसऱ्या वेळी तिचा स्कॅन वाईट आला, त्याच रात्री पुन्हा पेटवली. तिकडे भारतात आई-बाबांना मी ओढतो हेच माहीत नाही, त्यामुळे बोलणार कुणाशी? आत्ता सोडायची वेळ आहे का? की हे सगळं निभावल्यावर बघू?

उत्तर : स्कॅन वाईट आला त्या रात्रीचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मला वाटतं, त्या खेपेला तुम्ही सिगारेट सोडली नव्हती, नवस बोलला होतात. ‘मी एवढं सोडतो, तू तिला बरं कर.’ रिपोर्ट आला आणि वाटलं, पलीकडून शब्द पाळला गेला नाही, मग मी तरी कशाला पाळू? यात हसण्यासारखं काही नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला प्रत्येक माणूस मनात असला काहीतरी सौदा करत असतो. पण या सौद्यात तुमचं व्यसन तिच्या रिपोर्टला बांधलं जातं, आणि रिपोर्ट तर पुढेही बरे-वाईट येणारच आहेत. तेव्हा पहिलं काम ही गाठ सोडवण्याचं. सिगारेट तिच्यासाठी सोडू नका, स्वतःसाठी सोडा. यात स्वार्थ वाटत असेल तर मुलीकडे बघा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य, ओढत राहिलेल्यांपेक्षा साधारण 9 वर्षांनी जास्त निघालं. पन्नाशीत सोडणाऱ्यांचं 6 आणि साठीत सोडणाऱ्यांचंही 3 वर्षांनी. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘आता काय उपयोग’ म्हणण्याजोगं ते नक्कीच नाही.

आत्ता सोडावी का, तर हो. ‘एवढ्या टेन्शनमध्ये नको’ असं सांगणारे भेटतील, आणि ऐकायला ते पटतंही. पण निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग जीव कासावीस होतो, चिडचिड होते, आणि पुढची सिगारेट ती कासाविशी घालवते. ‘शांत वाटतं’ म्हणतो त्यातलं बरंचसं एवढंच असतं, आधीच्या सिगारेटने केलेलं कर्ज पुढची फेडते. या विषयावरच्या 26 अभ्यासांचा एकत्र आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झाल्याचं त्यात दिसलं.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने. गॅरेजमधली ती दहा मिनिटं खोटी नाहीत. दिवसभरात तेवढाच वेळ तुम्हाला कुणी हाक मारत नाही. माझा अंदाज असा, की सहाच्या पंधरा झाल्या त्या निकोटिनपायी थोड्या आणि त्या एकांतापायी जास्त. म्हणून सिगारेट सोडा, दहा मिनिटं सोडू नका. त्याच वेळांना बाहेर पडा, फक्त गॅरेजऐवजी रस्त्यावर. ‘जरा पाय मोकळे करून येतो’ एवढं सांगून जायला कारण लागत नाही. आणि ओळखीतलं कुणी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणालं, की ‘शनिवारी तासभर तिच्याजवळ बसाल का?’ असं विचाराच. म्हणणाऱ्यालाही नेमकं काम मिळालं की बरं वाटतं.

तारीख ठरवताना केमोचं वेळापत्रक समोर घ्या. सोडल्यानंतरचे दुसरा आणि तिसरा हे दिवस सगळ्यात कठीण जातात, पुढे दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. केमोनंतरचे पहिले काही दिवस तिचे वाईट जात असतील तर ते टाळा. तिसऱ्या आठवड्यात, तिला जरा तरतरी असते तेव्हा सुरुवात करा. स्कॅनचा आठवडाही नको.

आणि नुसत्या मनोनिग्रहावर जाऊ नका. आपल्याकडे औषधाने सोडली तर ती ‘खरी’ सोडली नाही असं काहीतरी डोक्यात असतं. काढून टाका ते. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना बहुधा निकोटिनच्या 21 मिलिग्रॅमच्या पॅचपासून, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या पट्टीपासून, सुरुवात करायला सांगतात. जोडीला तलफ येईल तेव्हा निकोटिनचं च्युइंगगम. नुसता पॅच किंवा नुसतं गम यापेक्षा दोन्ही मिळून जास्त कामाला येतात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवत असाल तर गम 4 मिलिग्रॅमचं घ्या, नाहीतर 2 चं. हे गम साध्या गमसारखं चघळत राहायचं नसतं. चावून चुरचुरायला लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचं. आधीची पंधरा मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. पॅचमुळे रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवा. काढलेल्या पॅचमध्ये निकोटिन उरलेलं असतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून मुलीच्या हाती लागणार नाही असा टाका. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्याही आहेत, पण त्यासाठी डॉक्टरांकडे जावं लागतं. साधारण बारा आठवड्यांचा कोर्स असतो आणि तो सिगारेट सोडायच्या आठवडाभर आधी सुरू करतात.

डॉक्टर म्हणजे तिचे नव्हेत, तुमचे. सहा महिन्यांत स्वतःसाठी एकदा तरी गेला आहात का? तिथे गेल्यावर घरी आजारी पत्नी आहे हे सांगा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा दुसरी कुठली औषधं चालू असतील तर तीही सांगा, कारण सिगारेट सुटल्यावर काहींचा डोस बदलावा लागतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत सिगारेट सोडणाऱ्यांसाठी मोफत फोनसेवा आहेत. अमेरिकेतली 1-800-784-8669, ऑस्ट्रेलियातली 13 7848. आई-बाबांना कळेल या भीतीपोटी जे कुणाशीच बोलला नाहीत, ते अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं.

चहा-कॉफी मात्र निम्मी करा. हे फारसं कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करत असतं. धूर थांबला की तोच कप अंगात जास्त वेळ रेंगाळतो. हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस समजतो की सिगारेटशिवाय आपलं चालत नाही.

व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, कुणी सुचवेल. सिगारेटपेक्षा कमी घातक असलं तरी निरुपद्रवी नाही, आणि भारतात 2019 पासून त्यावर बंदी आहे, नेणंही बेकायदा. अचानक तिकडे जावं लागलं तर पॅच आणि गम बरे.

मधेच एखादी ओढलीत तर पॅच काढून टाकू नका. ‘आता मोडलंच’ म्हणून अख्खं पाकीट संपवण्यापेक्षा पॅच तसाच ठेवून पुढे चला. वाईट रिपोर्टच्या रात्री काय करायचं हे मात्र आजच ठरवा. कुणाला फोन करायचा, कुठल्या रस्त्याने चालायचं, सगळं. त्या रात्री ठरवायला बसलात तर हात खिशाकडेच जाईल.

तुमच्या घरी लागू नसेल, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आजारी माणसाला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या घरात काडीसुद्धा ओढायची नाही. हा आगीचा प्रश्न आहे, उद्यावर ढकलायचा नाही.

राहिला तिचा अबोला. केमोत वास नको नकोसे होतात, तरी ती गप्प आहे. तुमचा हा एकच आधार काढून कसा घ्यायचा, असं तिला वाटत असणार. तिला सांगा, पण वचन देऊ नका आणि राखणदार तर मुळीच करू नका. ‘आज ओढली का?’ हे विचारायचं काम आजारी माणसाला देऊ नये. एवढंच म्हणा : ‘सोमवारपासून पॅच लावतोय. दोन-तीन दिवस चिडचिड होईल माझी, तुझ्यावर नसेल ती. संध्याकाळी चालायला जाईन. बरं वाटत असेल त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत तूही ये.’