म्हातारचळ की स्मृतिभ्रंश?

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय: गावात ज्येष्ठांच्या तपासणीचं शिबिर आहे, स्मरणशक्ती आणि समज हळूहळू हरपत जाते त्या आजारासाठी. फलकावर 'डिमेन्शिया' लिहिलं तर कोणाला कळणार नाही, मग 'म्हातारचळ' चालेल का, की 'स्मृतिभ्रंश'च लिहावं?

ताई, म्हातारचळ नका लिहू. चळ म्हणजे ताळ सुटणं. म्हातारं माणूस हट्टाला पेटलं, उगाच संशय घ्यायला लागलं, की आपण चळ लागला म्हणतो. त्या शब्दात वय आहे, दोष आहे, आजार कुठेच नाही. 'साठी बुद्धी नाठी'चंही तेच. नाठी म्हणजे नष्ट झालेली. साठी आली की बुद्धी जायचीच, असं ती म्हण धरूनच चालते. हा समज जगभर आहे. २०१९च्या जागतिक अल्झायमर अहवालासाठी १५५ देशांतल्या जवळपास ७० हजार लोकांना विचारलं, तेव्हा तिघांतल्या दोघांना डिमेन्शिया हा म्हातारपणाचाच भाग वाटत होता. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांतही ६२ टक्क्यांना! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. भारतात साठीपुढच्या शंभरात सातेक जणांना तो असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णव जणांनी ती म्हण खोटी पाडली आहे.

'स्मृतिभ्रंश' जुना शब्द आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६३व्या श्लोकात तो येतो, पण तिथे तो क्रोधातून आणि मोहातून होतो. आजच्या वापरात तो ठपका उरलेला नाही. भ्रंश म्हणजे जागेवरून निसटून पडणं, अपभ्रंशातला तोच.

एक उणीव मात्र आहे: हा आजार नुसता विसरण्याचा नाही. माझी आजी पारोळ्याकडची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचा गोळा हाती दिला की शेवटच्या वर्षांतही तिच्या हातांवर मांडा, म्हणजे खापरावर भाजायची मोठी पुरणपोळी, सरसर कोपरापर्यंत वाढायचा. मग तो तसाच धरून ती उभी राहायची. समोर खापर तापलेलं, पण मांडा त्यावर टाकायचा हे तिला सुचायचं नाही. माझ्या वडिलांना विचारायची, "तू कोना आंडोर शे रे भाऊ?" म्हणजे, तू कोणाचा मुलगा? शेजारपाजारचे म्हणायचे, "म्हतारी येडी व्हई गई." आम्हीही तेच धरून बसलो. तिला डॉक्टरकडे न्यावं, हे घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

'बुद्धिभ्रंश' अर्थाने जास्त व्यापक आहे, पण कानाला शिवीसारखा लागतो. जपानमध्ये या आजाराला पूर्वी 'चिहो' म्हणत, त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये सरकारने तो शब्द बाजूला ठेवून 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार, असा शब्द आणला. आपण मुद्दाम उलट्या दिशेने कशाला जायचं? 'अल्झायमर'ही फलकावर नको. तो डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, शंभरात साठ-सत्तर रुग्णांचा, पण एकमेव नव्हे.

तेव्हा मोठ्या अक्षरांत 'स्मृतिभ्रंश: मेंदूचा आजार', त्याखाली बारीक 'डिमेन्शिया'. आणि सगळ्यात खाली, गावातल्या बायकांना वाचून दाखवून, त्यांच्या बोलीत बसेल तशी एक अहिराणी ओळ: "तुमनी माय घरना रस्ता इसरी जास का?"