फंड मोडून सोनं घेऊ का?

"बाजार पडणार म्हणतात मॅडम. फंडातले पैसे काढून सोनं घेऊ का?"

२०२५च्या सप्टेंबरात हा प्रश्न सोलापुरात इतक्या जणांनी विचारला, की फोनवर नुसतं "मॅडम, जरा बोलायचं होतं" आलं तरी पुढचं कळायचं. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं आणि सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं होतं. टॉवेल विणणाऱ्या गावात पहिली बातमी पेपरात राहत नाही, ती थेट मागापर्यंत येते.

त्यातलं एक जोडपं इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याचा गाळा, टेरी टॉवेलचे स्वतःचे माग, आणि निम्म्याहून जास्त माल एका निर्यातदारामार्फत अमेरिकेला जाणारा. वहिनींनी २०१७ साली हट्टाने म्युच्युअल फंडात दरमहा पंधरा हजारांची एसआयपी सुरू केली होती. आठ वर्षांत साडेचौदा लाखांच्या आसपास भरले गेले आणि त्याचे पंचवीसएक लाख झाले होते. मार्च २०२०मध्ये सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली आला तेव्हाही ती बंद पडली नाही. धीर होता म्हणून नव्हे, लॉकडाऊनमध्ये फोनवरून ती बंद कशी करायची हे दोघांनाही माहीत नव्हतं म्हणून. अशा अज्ञानाने बऱ्याच घरांचं भलं केलेलं मी पाहिलंय.

अण्णा आले ते ठरवूनच. "गल्लीत सगळेच काढायलेत मॅडम. आम्हीच मागं का राहायचं?"

मी विचारलं, मग अजून काढले का नाहीत? तर म्हणाले, पितृपक्ष चाललाय. या दिवसांत सोनं घेत नाहीत, दसऱ्यालाच घेणार. मला हायसं वाटलं. घाबरलेल्या माणसाला थांबवायला माझ्या तक्त्यांपेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडतं. दसऱ्याला दोन आठवडे होते.

इथली माणसं बाजाराचा अंदाज सेन्सेक्सवरून बांधत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत विक्री कशी झाली, कामगार किती उचल मागतोय, दिवाळीच्या बोनसला मालक किती घासाघीस करतोय, सराफाच्या दुकानात गर्दी घ्यायला आहे की मोडायला, यावरून बांधतात. या खुणांना मी हसत नाही, त्या बऱ्याचदा खऱ्या निघतात. पण त्या फक्त सोलापूरचं सांगतात, आणि अण्णांच्या फंडात सोलापूर जवळजवळ नव्हतंच.

म्हणून "बाजार पडेल का" यावर बोलायचं मी टाळलं. ते मला माहीत नाही, टीव्हीवरच्यांनाही नसतं. एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुमच्याकडे जे काही आहे ते लिहा. त्यापुढे लिहा, अमेरिकेची ऑर्डर वर्षभर आली नाही तर त्याचं काय होईल.

माग: निम्मे उभे राहतील, विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक नाही, कारण घेणाराही टॉवेलवालाच. निर्यातदाराकडची अकरा लाखांची उधारी: अडकेल. कामगारांना दिलेली उचल: काम नाही तर वसूल कुठून होणार? एमआयडीसीजवळचा प्लॉट: भाव बसेल. वहिनींची लिलाव भिशी: इथे पेन थांबलं. भिशीतल्या बाराही बायकांच्या घरी मागच आहेत. शेजारच्या पतसंस्थेतली चार लाखांची ठेव: पतसंस्थेचे कर्जदार कोण, हेच लोक. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो. पतसंस्थेला तो नाही. हे अण्णांना पहिल्यांदाच कळलं.

शेवटची ओळ फंडाची. त्यात बँका, औषध कंपन्या, मोबाइल कंपनी, सिमेंट. तोही खाली येऊ शकतो, वीस-तीस टक्के सहज. पण टॉवेल विकला नाही म्हणून येणार नाही.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे टॉवेल नसलेलं एवढंच आहे, आणि हे तेच मोडायलेत."

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. घरातली रोकड, धंदा, जागा, शेजारपाजार सगळं एकाच सुताला बांधलेलं असतं, आणि भीती वाटते ती नेमकी त्या सुताबाहेरच्या वस्तूची. तिचा आकडा रोज मोबाइलवर दिसतो ना. मागाचा भाव रोज कुणी दाखवत नाही.

सोन्याला माझा विरोध नव्हता. तेही टॉवेल नाहीच. पण दागिना घेताना तीन टक्के जीएसटी, वर मजुरी, आणि मोडताना मजुरी हातात येत नाही. शिवाय फंड एकदम काढला असता तर सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा सोडून बाकीवर साडेबारा टक्के कर बसला असता. त्यांच्या आकड्यांत तोच सव्वा लाखाच्या घरात जात होता. एवढे पैसे घालवून जे घ्यायचं, ते आधीच लाखाच्या वर चढलेलं.

अण्णांची खरी गरज वेगळी होती: मागाच्या कर्जाचा हप्ता अडतीस हजार, घरखर्च पस्तीस हजार, आणि हाताशी महिन्याभराचेही पैसे नाहीत. सहा महिन्यांचे सव्वाचार-साडेचार लाख लागतात. फंडातून दोन लाख काढले, वर्षाचा नफा करमुक्त मर्यादेत राहील एवढेच, आणि ते बँकेत ठेवले. पतसंस्थेतली ठेव मुदत संपली की बँकेत आणायची ठरलं. वहिनींनी चालू फेरीत आपला नंबर उचलायचा आणि पुढच्या फेरीत निम्म्यानेच राहायचं. भिशी पूर्ण सोड असं मी म्हटलं नाही. त्या बायकांचा महिन्यातला तेवढाच निवांत वेळ, आणि त्याची किंमत माझ्या वहीत मांडता येत नाही. एसआयपी पंधराची दहा केली. बंद केली नाही.

उधारीचं बोलणं मात्र अण्णांना आवडलं नाही. उद्यम नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. वेळेत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. अण्णांची नोंदणी होती, पण बिलावर तो क्रमांक कधी टाकलेला नव्हता. "पार्टी नाराज होईल मॅडम." मी म्हटलं, नुसता क्रमांक छापा, बोलू काही नका. पार्टीचा हिशेबनीस स्वतःच वाचेल.

दसऱ्याला त्यांनी दोन ग्रॅमचं नाणं घेतलं. दिवाळीनंतर उधारीतले चार लाख आले, दोन मागांवर देशातल्या हॉटेलांचा पांढरा माल चढला, त्याला नफा कमी आहे म्हणून अण्णा कुरकुरतात. प्लॉट विकायचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.