द्राक्षबागेत ब्लोअर (पंख्यानं औषध फवारणारं यंत्र) ओढायला कोणता छोटा ट्रॅक्टर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दिंडोरी तालुक्यात साडेचार एकर बाग आहे, लागवड ९ बाय ५ (दोन ओळींत नऊ फूट, दोन वेलींत पाच), वाय पद्धत (वेल वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर), जमीन काळी. महिंद्रा जिवो, कुबोटा, स्वराज टार्गेट आणि व्हीएसटी या चारांत पॉवर, वजन आणि भरवसा धरून उजवा कोणता, हा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, "जास्त एचपीचा घेतला तर बिघडतं काय?"

त्या शेवटच्यापासूनच सुरू करतो, कारण काय बिघडतं ते मी पैसे मोजून शिकलोय.

आमची निफाड तालुक्यात सहा एकर बाग. २०१९ पर्यंत घरात एकच ट्रॅक्टर होता, वडिलांनी घेतलेला ३५ एचपीचा टू-व्हील, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. नांगरट त्याच्यावर, ट्रॉली त्याच्यावर, ब्लोअरही त्याच्यावरच. त्या वर्षीचा ऑक्टोबर नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला वेगळा सांगायला नको. छाटणी झालेली, पोंगे (कोवळे कोंब) फुटून घड बाहेर आलेले आणि पाऊस उघडायचं नाव घेईना. एका सकाळी जरा ऊन पडलं म्हणून घाईघाईनं ब्लोअर भरला आणि दहा फुटी प्लॉटात घातला. तिसऱ्या ओळीत मागचं डावं चाक सुटलं. मी रेस वाढवली. वाढवायची नसते हे तेव्हाही माहीत होतं, पण डाऊनीच्या (पावसात घड-पानांवर येणाऱ्या बुरशीच्या) धाकानं हात ऐकत नाही. चाक जागच्या जागी फिरून एक्सल मातीला टेकला, ट्रॅक्टर कलला आणि मडगार्डनं वायचा एक अँगल वाकवला. मग टाकीतलं औषध सोडून दिलं, ब्लोअर सोडवला, चाकाखाली फळ्या आणि बारदान सारलं आणि बांधावरून दुसऱ्या ट्रॅक्टरनं साखळी लावून ओढला. दुपारचे अडीच वाजले.

तेवढ्यात शेजारच्या नानांचा २१ एचपीचा छोटा फोर-व्हील (चारही चाकांना ताकद) तीन एकर मारून घरी गेलासुद्धा. त्याची चाकोरी मी मुद्दाम जाऊन पाहिली. चार बोटं खोल. आमची गुडघाभर. माती तीच, बांध एक, पाऊस एकच. संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. राहिलेली बाग आम्ही दोघं भाऊ चिखलात पाईप ओढत गननं मारत होतो, आणि तरी त्या प्लॉटाचे निम्मे घड गेले.

म्हणून द्राक्षबागेसाठी मी क्रम उलटा लावतो: आधी वजन, मग भरवसा, शेवटी एचपी. शोरूममध्ये मात्र बोनेटवरचा आकडा सगळ्यात आधी दाखवतात.

वजनाचं जरा सविस्तर सांगतो. नांगरटीला वजन लागतं, नाहीतर चाक घसरतं आणि ताकद वाया जाते. बागेत नांगरट कुठे आहे? तिथं ब्लोअर ओढायचा, कधीमधी रोटर (माती भुसभुशीत करणारं यंत्र) मारायचा, शेणखताची छोटी ट्रॉली फिरवायची. आणि फिरायचं ते दरवेळी त्याच दोन चाकोऱ्यांतून. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत आमच्या किती फेऱ्या होतात हे मोजायचं मी सोडून दिलंय. नऊ फुटी ओळीत चाक बोदाच्या (वेलींच्या ओळीखालच्या उंच वरंब्याच्या) कडेलाच येतं आणि पांढरी मुळी नेमकी तिथंच वरच्या थरात असते. ओल्या काळ्या मातीवर जड चाक पुन्हापुन्हा गेलं की खाली पाटा (दाबून घट्ट झालेला थर) तयार होतो, पाणी मुरत नाही, मुळीला हवा मिळत नाही. मग आपण म्हणतो वेल अन्न उचलत नाही आणि ड्रिपमधून अजून एक बाटली सोडतो. चाकोरीत एकदा सळई खुपसून बघा, आणि तीच सळई बोदावर खुपसा. काय म्हणतोय ते कळेल.

त्यात एक विसरू नका, जमिनीवर एकटा ट्रॅक्टर नसतो. ६०० लिटरची टाकी भरली की पाण्याचेच सहाशे किलो झाले, ब्लोअरचं लोखंड वेगळं. त्यामुळे तुमच्या जमिनीला ५०० लिटरच्या वरचा ब्लोअर घेऊच नका, ट्रॅक्टर कोणताही असो. एकदा जास्त भरायला जावं लागेल, लागू दे. आणि ट्रॅक्टरला मागे उचलून जोडायचा ब्लोअर घेणार असाल तर पुढं वजनं लावावीच लागतात, नाहीतर बांध चढताना पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात नुसतं फिरतं.

आता तुमच्या चार नावांकडे येतो.

कुबोटात आपल्या कामाचे दोन: २१ एचपीचा ए२११एन आणि २४ एचपीचा बी२४४१. दोन्ही तीन सिलिंडर, दोन्ही फोर-व्हील. पहिला सहाशे किलोच्या आत, दुसरा त्याच्यापेक्षा थोडासाच जड. एवढा हलका दुसरा तुमच्या यादीत नाही. इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं, दिवसभर बसलं तरी हात झिणझिणत नाहीत. पुढच्या चाकांना ताकद बेव्हल गिअरनं जाते, त्यामुळे चाक पूर्ण वळवूनही फोर-व्हील चालू ठेवता येतो आणि ओळीच्या तोंडाशी कमी जागेत फिरतो. नऊ फुटीत हा फार मोठा फायदा आहे. ओळीचा शेवटचा अँगल आणि बांध यात आपण किती जागा सोडतो ते आपल्यालाच माहीत. उणं काय, तर किंमत. आणि सुटे भाग घेताना खिशाला कळतं.

जिवो २४५ हाही २४ एचपी, फोर-व्हील, पण सिलिंडर दोन. इथं लोक गोंधळतात. कुबोटाचं इंजिन सव्वा अकराशे सीसीच्या आसपास, त्याची पूर्ण ताकद २६०० आरपीएमला. जिवोचं साडेतेराशेच्या वर आणि ताकद २३०० लाच. म्हणजे कागदावर दोघांचे एचपी सारखे, पण जिवो कमी रेसवर जोर धरतो. रोटर मारताना, चढावर ट्रॉली ओढताना हे जाणवतं. बदल्यात थरथर जास्त आणि आवाजही. आमच्या चुलतभावाकडे आहे, तो म्हणतो फवारा मारून आल्यावर जेवताना घास थरथरतो. थोडं मीठमसाला लावून सांगतो, पण अगदीच खोटं नाही. त्याची मोठी बाजू म्हणजे महिंद्राचा मेकॅनिक गावोगाव सापडतो.

स्वराज टार्गेट ६३० हा २०२३ ला आला. २९ एचपी, तीन सिलिंडर, वजन हजार किलोला पंचवीस कमी. ताकदीला जोरदार, मोठा ब्लोअर आरामात फिरवतो. मला स्वतःला आवडलेला ट्रॅक्टर आहे, पण तो दहा फुटी ओळीच्या, मुरमाड किंवा मध्यम जमिनीच्या माणसाचा. तुमच्या काळ्या मातीत ऑक्टोबरमध्ये कुबोटापेक्षा हे जास्तीचे साडेतीनशे किलो रोज सोबत न्यायचे, आणि कशासाठी? बाकी स्वराज २००७ पासून महिंद्राच्याच घरातलं आहे, त्यामुळे त्या दोघांत भरवशाचा मोठा फरक शोधत बसू नका.

महिंद्राचाच ओजा मात्र तुमच्या यादीत नाही, तो एकदा बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केपटाऊनला दाखवला होता. जपानच्या मित्सुबिशी महिंद्रासोबत मिळून बनवलेला आहे, २१२१, २१२४, २१२७ अशी नावं, शेवटचे दोन आकडे म्हणजे एचपी. दहा फुटीवाल्यांनी जॉन डिअर ३०२८ईएन पण बघावा, २८ एचपीचा, पण तो हजार किलोच्या वर जातो, म्हणून तुम्हाला सांगत नाही.

व्हीएसटी बंगळुरूची, पॉवर टिलरमुळे जुन्या लोकांच्या ओळखीची. छोटे ट्रॅक्टर दणकट आणि किमतीला बरे. तुमच्या जवळ त्यांचा चांगला डीलर असेल तर नाव कापू नका. नसेल तर कापा.

हे "डीलर असेल तर" म्हणजेच माझ्या मते भरवसा. यंत्र बिघडतं, सगळ्यांचं बिघडतं. बिघडल्यावर किती तासांत पुन्हा ओळीत जातं, हे बघायचं. २०२० ला आम्ही एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक मशीनपेक्षा आमच्या निवडीची होती. फ्लॉवरिंग चालू असताना पुढच्या एक्सलचं ऑईल सील गेलं. हाताच्या पंजाएवढी रबराची रिंग. दुकानदार म्हणाला उद्या येईल. उद्याचं परवा झालं. चौथ्या दिवशी सील आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं. तोवर धुकं पडत होतं आणि मी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची वेळ मागत फिरत होतो, त्यांच्याही बागा त्याच अवस्थेत असताना. सहाव्या दिवशी बसलं. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर विकला.

तेव्हापासून मी ट्रॅक्टर बघायला जातो तेव्हा आधी पार्टच्या काउंटरवर जातो. क्लच प्लेट, पुढच्या एक्सलचं सील, हायड्रोलिकचा फिल्टर, फॅन बेल्ट. चारच नावं घ्यायची आणि म्हणायचं, आत्ता काढून दाखवा. मागवून देतो म्हणाला की चहा पिऊन परत यायचं. डिझेल फिल्टर, सील आणि बेल्ट घेतल्या दिवसापासून घरात ठेवायचे.

जुना घ्यायचा विचार असेल तर एक सांगतो. फोर्सचे ऑर्चर्ड ट्रॅक्टर आपल्या भागात पुष्कळ फिरतात, चांगलेही चालतात, पण फोर्सनं २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा धंदाच बंद केला. स्वस्त मिळतोय म्हणून उडी मारण्याआधी पुढची दहा वर्षं पार्ट कुठून आणणार ते ठरवा.

एचपीचं राहिलं. बोनेटवरची सगळी ताकद ब्लोअरपर्यंत पोचत नाही, पीटीओला (मागचं यंत्र फिरवणाऱ्या दांड्याला) दोन-तीन एचपी कमीच मिळतात. ब्लोअरमध्ये पंपापेक्षा पंखा जास्त ताकद खातो. साडेचार एकरच्या वाय बागेला, ५०० लिटरच्या ब्लोअरला २४ एचपी पुरतात. २१ वरही चालतं, पण दाट कॅनोपीत (पानांच्या छतात) पंखा पूर्ण फिरवून वर चढ आला की इंजिन दबतं, रेस उतरते आणि नेमकं तिथंच औषध पानाच्या मागे पोचत नाही. भुरी (पांढरी बुरशी) मग त्याच कोपऱ्यात येते आणि आपण औषधाला नावं ठेवतो.

डेमो मागा, पण डीलरच्या सपाट मैदानावर नाही. तुमच्या प्लॉटात, तुमचाच ब्लोअर काठोकाठ भरून, आदल्या रात्री दोन-तीन ओळींना पाणी सोडून. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून सगळ्यात चढाची ओळ घ्या आणि शेवटी वळताना रेस किती उतरते ते कानानं ऐका. मग खाली उतरून चाकोरीत पंजा घाला. मडगार्ड कोवळ्या फुटींना घासतंय का, ते मागून चालत बघा. वजनाबद्दल डीलर तोंडी सांगेल त्यावर जाऊ नका, त्या मॉडेलच्या कुणाचंही आरसी बुक मागा, रिकाम्या गाडीचं वजन त्यात छापलेलं असतं. आणि कोणताही घेतला तरी डांबरी रस्त्यावर फोर-व्हील काढून चालवायला गड्याला शिकवा, नाहीतर पुढचे टायर आणि गिअर दोन्ही वर्षभरात बोलायला लागतात.

तुमच्या जागी मी बी२४४१ घेतला असता. दिंडोरीत त्याचा पार्टवाला त्या चार पार्टांत नापास झाला, तर जिवो. नानांचा तो २१ चा अजून चालतोय, गेल्या महिन्यात क्लच प्लेट बदलली, सकाळी सोडला आणि दुपारी परत आणला. घ्यायचाच असेल तर एप्रिल छाटणीनंतर घ्या, म्हणजे सगळी कुरबूर पावसाळ्याआधी बाहेर येते. ऑक्टोबरच्या तोंडावर नवा ट्रॅक्टर आणि नवा गडी दोन्ही एकदम बागेत घालू नका.