नाचणीचं माल्ट आणि बिअरचं माल्ट

प्रश्न असा आला आहे: 'बाळासाठी नाचणी माल्टचा डबा आणला, तर सासूबाई म्हणाल्या, हा शब्द बिअरच्या बाटलीवरही असतो. यात दारू असते का? आणि माल्टला मराठीत काय म्हणायचं?'

दारू नसते, निर्धास्त राहा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. मटकीला आणतो तसेच मोड बिअरवाले सातूला (जवाला) आणतात आणि कोंब फार वाढायच्या आत दाणे गरम हवेवर सुकवतात. मोड फुटताना दाण्यात विकरं (एन्झाइम) तयार होतात, ती पिष्टाची (स्टार्चची) साखर करतात. पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ साली 'डायस्टेज' हे विकर वेगळं काढलं, ते माल्टमधूनच. यीस्टला पिष्ट पचत नाही, साखर लागते. म्हणून बिअरला मोडांची गरज. बाळालाही मोडाची नाचणी पचायला हलकी, ती याच विकरांमुळे. यीस्ट घालून आंबवलं तरच मद्यार्क.

आता शब्द. जुन्या इंग्रजीत 'मेआल्ट', जर्मनमध्ये 'माल्ट्स'. मूळ अर्थ बहुधा 'मऊ पडलेलं', कारण धान्य आधी भिजवतात. ज्या धातूशी तो जोडतात, त्याच धातूशी संस्कृत 'मृदु'ही जोडतात आणि 'मृदु'पासून आपला 'मऊ'. म्हणजे माल्ट आणि मऊ लांबची चुलत भावंडं! 'बहुधा' विसरू नका, पण मला ही व्युत्पत्ती सोडवत नाही.

वस्तू शब्दाहून कितीतरी जुनी. सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या सुमेरी स्तोत्रात मद्यदेवता निन्कासी माल्ट भिजवते. आपल्याकडेही शुक्ल यजुर्वेदाच्या १९व्या अध्यायात, सौत्रामणी यागातल्या सुरेच्या, म्हणजे मद्याच्या, संदर्भात शष्प, तोक्म आणि लाज एका दमात येतात: मोडाचे तांदूळ, मोडाचे जव आणि लाह्या. यातल्या 'लाज'च्या लाह्या होऊन आजही आपल्या घरात आहेत. 'तोक्म' मात्र कुठेतरी गळून पडला. माल्टला नेमका शब्द होता तो हाच.

'सत्त्व' म्हणावं का? मी म्हणणार नाही. नाचणीसत्त्व म्हणजे भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक वाळवलेला. मोड न आणताही ते करतात. तेव्हा सरळ 'माल्ट'च म्हणा. गंमत लिंगाची आहे: डब्यातलं 'ते माल्ट', पण बाटलीतली 'ती सिंगल माल्ट'. हे स्त्रीलिंग व्हिस्कीकडून आलेलं.